साडेतीन नावं

१

"स्वतःच्या घरात माणसाला स्वतःचं घड्याळ मिळू नये! हद्द झाली."

कुरकुर अगदी कानाशी होती. काकूंनी हेडफोनची एक वाटी नेहमीसारखी कानामागे सरकवली होती, त्यामुळे एका कानात मिटिंग होती आणि दुसऱ्यात नवरा, गावाचे घड्याळजी.

"चाळीस वर्षं गावाची घड्याळं दुरुस्त केली मी. आणि आता माझंच घड्याळ उंदराखाली."

"हळू बोला. मिटिंग चालू आहे."

"तुझा आवाज बंद आहे. तांबडं चिन्ह दिसतंय मला. चार वर्षांत तेवढं शिकलोय."

उंदीर म्हणजे कॉम्प्युटरचा माउस. तो घड्याळाच्या काचेवर ठेवला की खालून सेकंदकाटा फिरतो, त्या चाहुलीने पडद्यावरचा बाण जरासा हलतो आणि कंपनीला वाटतं, बाई खुर्चीवर आहेत. ही युक्ती काकूंना कुणी शिकवलेली नव्हती. घड्याळवाल्याशी संसार केला की एवढं सुचतंच.

काकू कामाला होत्या ती कंपनी जगभर माणसं पुरवायची. कुठे हॉस्पिटल उघडलं, कुठे कारखाना वाढला, की माणसं निवडून द्यायची यांनी. मुख्य ऑफिस समुद्रापलीकडे होतं, आणि काकूंचं ऑफिस स्वयंपाकघरामागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर. उमेदवाराच्या जुन्या मालकाला फोन करून चौकशी करायची, हे त्यांचं काम. सोळा प्रश्न कंपनीने लिहून दिलेले आणि सतरावा त्यांचा स्वतःचा: "पुन्हा घ्याल का याला कामावर?" उत्तराला त्या फारसं महत्त्व देत नसत. उत्तराआधी समोरचा श्वास कसा घेतो, ते ऐकत.

प्रत्येकाच्या नावापुढे एक दिवा असे. माणूस कामात असला की हिरवा. दहा मिनिटं काही हललं नाही की पिवळा. आठवड्यात तीनदा पिवळा झाला की वरून पत्र यायचं. पत्रात 'विश्वास' हा शब्द चार वेळा असे.

त्या मंगळवारी सव्वाचारच्या मिटिंगला पाचही चौकटी भरल्या होत्या. काकू. मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन इथे उमेदवारांच्या मुलाखती घेणारे. शिंपीण, जिच्या मागे कायम कुणाचं तरी अर्धं शिवलेलं झंपर टांगलेलं. धाकटी, वर्षभरापूर्वी आलेली, यादी तयार करणारी. आणि मॅडम, या सगळ्यांच्या वरिष्ठ. केस ओले, घट्ट बांधलेले, चेहरा तजेलदार. त्यांच्या मागच्या फळीवर कंपनीने दहा वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेला पितळी पृथ्वीगोल.

"बघा, दुसऱ्यांदा न्हाऊन आल्या," शिंपिणीने काकूंना खासगीत लिहिलं. "सोन्यासारखं पाणी असणार यांच्याकडे."

मॅडमचा फोन वाजला. त्यांनी तो घेतला, ऐकला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की शिंपिणीच्या हातातली सुई थांबली.

"नव्या हॉस्पिटलची यादी चार वाजता आपोआप गेली," मॅडम म्हणाल्या. "चाळीस नावं हवी होती. तिकडे साडेतीन पोचली."

"साडेतीनशे?" मास्तरांनी विचारलं.

"साडेतीन. तीन नावं. आणि चौथं अर्धं."

२

यादी हरवली नव्हती. जुनी प्रत काढून मॅडमनी तासाभरात चाळीस नावं पुन्हा पाठवली. पण हॉस्पिटलवाले बिथरले होते, ही थट्टा आहे का म्हणून विचारत होते. आणि वरच्या ऑफिसने नोंद काढली, तेव्हा त्यात धाकटीचं नाव निघालं. तीन वाजून पाच मिनिटांनी तिच्या खात्यातून यादी खोडायला सुरुवात झाली आणि तीन वाजून आठ मिनिटांनी संपली. 'जाणूनबुजून नुकसान' असा शेरा पडला. शुक्रवारी अकरा वाजता चौकशी आणि मग नारळ.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"काकू, मी नाही केलं."

"मग कोणी केलं?"

"मला नाही माहीत. मी घरातच नव्हते हो."

धाकटीच्या आईची डावी बाजू पाच महिन्यांपूर्वी गेली होती. दर मंगळवारी तीन ते चार तिला व्यायामाला न्यावं लागे. घरी बसून करता येण्यासारखी ही पहिली नोकरी धाकटीला मिळाली होती, नाहीतर आईला कुलपात ठेवूनच बाहेर पडावं लागलं असतं.

"आज आईने पेला उचलला, काकू. डाव्या हाताने. दोन घोट प्याली. मी रस्ताभर नाचत आले. आणि दार उघडलं तर हे."

काकूंनी वही जवळ ओढली.

"दिवा कोणाकडे होता?"

हा प्रश्न विचारायचा नसतो, हे दोघींनाही ठाऊक होतं.

कारण टीमची एक रीत होती. कंपनीला ठाऊक नसलेला एक गट फोनवर होता. कुणाला घराबाहेर पडायचं असलं की तिथे लिहायचं, "जाऊन येते." जो मोकळा असेल त्याने नुसता एक पूर्णविराम टाकायचा. म्हणजे तुझा दिवा मी सांभाळतो. तो तुझ्या खात्यात शिरायचा आणि ते जागं ठेवायचा. कुणी विचारायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत, आणि मिटिंगमध्ये तर याचा श्वासही काढायचा नाही.

"दोन अठ्ठावन्नला पूर्णविराम आला," धाकटी हळूच म्हणाली. "त्या बिननावाच्या नंबरवरून."

गटात पाच जण होते. काकू, मास्तर, शिंपीण, धाकटी, आणि एक नंबर, ज्याला ना नाव होतं ना फोटो. गट ज्याने सुरू केला तो दादा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. सगळ्यांनी धरून चाललं होतं, की मायेपोटी मागे रेंगाळलेला हा दादाच.

"हे तू चौकशीत सांग."

"म्हणजे सगळ्यांचीच नोकरी घालवू? तुमची पण? नाही सांगणार. आणि काकू, तुम्हीही नाही. शपथ आहे माझ्या आईची."

फोन ठेवला तेव्हा घड्याळजी दारात उभे होते.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचं घड्याळ घ्या परत," काकू म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत मला खुर्चीवरून हलायचंच नाहीये."

३

बुधवारच्या मिटिंगमध्ये मॅडमनी वरून आलेला चौकशीचा कागद सगळ्यांना पडद्यावर दाखवला. त्यात मंगळवारची प्रत्येकाच्या दिव्याची पट्टी होती. मॅडमचा आवाज कोरडा होता, आणि त्या धाकटीच्या चौकटीकडे बघतच नव्हत्या.

काकूंनी चष्मा पुसून कागद वाचला, जसा त्या नव्या उमेदवाराचा वाचत.

पहिली गोष्ट. नावं खालून वर गेली होती, अक्षर अक्षर करत, तीन मिनिटं एकाच गतीने. ज्याला यादी बुडवायची असते तो सगळी एका दणक्यात पुसतो. नाहीतर ज्याच्यावर डूख आहे तेवढंच नाव पुसतो. खालून वर मुकाट्याने खात जाणं हे माणसाचं लक्षण नव्हे. माणूस मधे थांबतो, नाक खाजवतो. आणि नाव अर्धं टाकून उठत नाही.

दुसरी गोष्ट. तीन आठला खोडणं थांबलं आणि तीन अठराला धाकटीचा दिवा पिवळा झाला. तो चारनंतरही पिवळाच होता. वरच्यांनी लिहिलं होतं, 'नुकसान करून पळ काढला'. काकूंनी मनात लिहिलं, दिवा सांभाळणारा तिथे नव्हताच. त्याने काहीतरी ठेवलं होतं, आणि ते पडलं.

तिसरी गोष्ट कागदात नव्हती. ती काकूंना मिटिंग संपताना दिसली. पण नुसत्या दिसण्यावर काकू कधी कुणाला नापास करत नसत. आधी बाकीच्यांची चौकशी करायला हवी होती.

४

"मास्तर, तुम्ही दिवा कसा सांभाळता?"

"कसला दिवा?" मास्तरांनी इतका लांब श्वास घेतला, की काकूंनी मनातल्या मनात गुण कापले.

"शाळेतल्या पोरांना असंच विचारायचात ना? खरं सांगितलं तर छडी नाही."

मास्तर हसले. "टेबलफॅनला दोरीने माउस बांधतो. फॅन मान फिरवतो, माउस फिरतो. तासभर निवांत. पण मंगळवारी मी नव्हतो हो. तीन ते पावणेचार मी आणि शिंपीण एका वॉर्डबॉयची मुलाखत घेत होतो. रेकॉर्डिंग आहे."

"फॅनने बटण दाबलं जातं का?"

"फॅनला बोटं कुठली?"

शिंपिणीने तर फोन उचलताच सुरुवात केली. "माझ्यावर संशय घेताय ना? घ्या. मी कात्री ठेवते बटणावर. कापड कापायची, लोखंडी, दीड किलोची. पण ती अशी बसते की मी उचलेपर्यंत पाटावरच्या नवऱ्यामुलीसारखी हलत नाही. माझी कात्री पडणाऱ्यातली नाही."

"गोल नाही ना."

"कात्री कधी गोल असते का, काकू? बरं, आता एक सांगू? धाकटीची नोकरी गेली ना, तर मीही राजीनामा देणार आहे. ब्लाऊज शिवून जगेन. पण त्या दिव्याचं नाव तोंडातून काढणार नाही."

"का?"

"कारण काढलं तर तिच्याबरोबर तुम्हीही जाल. आणि तुम्ही गेलात तर इथे माणसाची चौकशी कोण करणार? मशीन?"

दोघंही सुटले होते. उरला बिननावाचा नंबर. काकूंनी वहीत दादाचा जुना फोन नंबर शोधला आणि कामावरचाच आवाज लावून फोन केला.

"नमस्कार. एका व्यक्तीबद्दल माहिती हवी होती."

"काकू!" दादा ओरडलाच. "अजून तोच आवाज! कोणाची चौकशी करताय?"

"तुझी. गटात अजून आहेस का तू?"

"छे. नोकरी सोडली त्या दिवशीच बाहेर पडलो. पण माणूस कमी पडायला नको म्हणून माझ्या जागी एकाला घालून गेलो."

"कोणाला?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय."

काकूंनी वहीचं पान उलटलं. मग सतरावा प्रश्न विचारला. "बरं, तुझी स्वतःची कंपनी असती तर त्या माणसाला कामावर घेतलं असतंस?"

दादाने श्वास घेतलाच नाही. उत्तर ताबडतोब आलं.

"घेतलं असतं? काकू, मी तिच्याच हाताखाली काम केलं असतं पुन्हा."

५

तिच्या हाताखाली.

काकूंनी फोन ठेवला आणि इस्त्रीच्या टेबलावर दोन्ही तळवे टेकून बसल्या. बुधवारी दिसलेली तिसरी गोष्ट आता जागेवर बसली होती. मॅडमच्या मागचा तो पितळी गोल. चार वर्षं त्यावरची कंपनीची अक्षरं कॅमेऱ्याकडे तोंड करून चमकत होती. बुधवारी अक्षरं भिंतीकडे होती आणि गोलाची कोरी पाठ इकडे. फळी पुसताना वळला असेल, असं वाटलं असतं. पण मॅडमची फळी कधी पुसलेली नसे, पुस्तकांवर बोटभर धूळ होती.

आणि दिव्यांच्या पट्ट्या! काकूंनी कागद पुन्हा उघडला. मास्तरांचा दिवा दिवसात एकदा पिवळा झाला होता. शिंपिणीचा दोनदा, कारण तिला चहा फार लागतो. मॅडमचा एकदाही नाही. सकाळी आठ ते रात्री आठ, एक मिनिटही नाही. "अहो, इतका हिरवा माणूस नसतो," काकू मोठ्याने म्हणाल्या.

"कोण हिरवा?" आतून घड्याळजींनी विचारलं.

"तुमचं घड्याळ," काकू म्हणाल्या. "तसंच कुणाकडे तरी आणखी एक आहे."

आणि ते ओले केस. सव्वाचारला, रोज.

गुरुवारी दुपारी दोनला काकूंनी मॅडमना फोन केला. कॅमेरा बंद ठेवून. काही गोष्टी चेहरा न बघता बोललेल्या बऱ्या.

"मॅडम, मी तुम्हाला काही विचारणार नाही. फक्त एक गोष्ट सांगते, ती ऐकून घ्या."

"बोला काकू."

"एक बाई आहे. तिच्या टीममधली माणसं अधूनमधून खुर्ची सोडतात, हे तिला दोन वर्षं माहीत आहे. तक्रार तर दूरच, ती गुपचूप त्यांचे दिवे सांभाळते. मंगळवारी कुणीच मोकळं नव्हतं. पूर्णविराम तिने टाकला. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या मुलीचं खातं उघडलं. आपलं काम कुठल्याही मशीनवर उघडलं की जसं सोडलं तसंच समोर येतं. यादी समोर आली, आणि कर्सर चाळिसाव्या नावाच्या शेवटी. बाईला स्वतःलाही तीनला बाहेर पडायचं होतं. तिने हाताशी आलेली जड वस्तू उजव्या कोपऱ्यातल्या एका निरुपद्रवी बटणावर ठेवली आणि निघाली. वस्तू गोल होती. पाच मिनिटं तग धरून ती मागे कलंडली, नेमकी खोडायच्या बटणावर. तीन मिनिटं तिथे पडून राहिली. मग घरंगळली आणि खाली आपटली. बाई परत आली तेव्हा ती जमिनीवर होती, आणि तिला पोचा पडला होता."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पोचा भिंतीकडे केला की दिसत नाही," काकू म्हणाल्या. "पण मग अक्षरंही दिसत नाहीत."

"काकू," मॅडमचा आवाज घोगरा झाला होता, "हे बोलले तर सगळ्या टीमचं काय होईल, कल्पना आहे तुम्हाला? धाकटी एकटी जाईल, की पाचही जण? मी तीन दिवस हाच हिशेब करतेय."

"मी चौकशा करते, मॅडम. निर्णय कधी घेत नाही."

फोन बंद झाला. मॅडमनीच ठेवला होता.

६

शुक्रवारी अकरा वाजता सहावी चौकट उघडली. त्यात वरचे साहेब होते. मागे पांढरी भिंत, त्यावर काही नाही.

"मुलीने खुलासा दिलेला नाही," साहेब म्हणाले. "मंगळवारी तीन वाजता आपण काय करत होता?"

प्रश्न धाकटीला होता. तिच्या मागे खुर्चीत आई बसली होती आणि डाव्या हाताची मूठ उघडमीट करत होती.

मास्तरांनी चष्मा काढला. शिंपिणीने सुई पदराला टोचून ठेवली. काकूंनी आवाजाचं तांबडं चिन्ह उघडलं. शपथ घातली होती, पण ती दिव्याचं नाव न काढण्याची. बाकी बोलायला काय हरकत होती?

"साहेब, ही नावं हाताने खोडलेली नाहीत," त्या म्हणाल्या, आणि खालून वर जाणारी अक्षरं, न थांबलेली तीन मिनिटं, अर्धं राहिलेलं नाव, सगळं एकेक करून मांडलं. सोळा प्रश्नांच्या शिस्तीत. "हे काम वजनाचं आहे. गोल वजनाचं. या मुलीचा त्यात बोटाइतकाही हात नाही."

साहेब पुढे झुकले. "पटतंय. मग ते वजन ठेवलं कोणी? आणि कशासाठी?"

सगळं तिथे येऊन थांबलं.

पुढे जे झालं ते आधीच सांगून टाकायला हरकत नाही. सोमवारी पाचही नावांपुढचे दिवे काढले गेले, आणि महिन्याभरात सगळ्या कंपनीतले. कारण साहेबांनी तिथेच बसून आकडे काढले तेव्हा दिसलं, की गेली तीन वर्षं निवडलेली माणसं सगळ्यात जास्त टिकली ती याच टीमची. धाकटी कायम झाली आणि मंगळवारचे तीन ते चार तिच्या नावावर सुट्टीचे लिहिले गेले. हॉस्पिटलने चाळीसच्या चाळीस माणसं घेतली. त्यातलं अर्धं खोडलं गेलेलं नाव एका नर्सचं होतं, ती आज तिथली मुख्य नर्स आहे. शिंपिणीने बाकी चौघांना एकाच थानातली झंपरं-सदरे शिवून धाडले, आणि मास्तरांना सदरा घट्ट झाला. घड्याळजींना घड्याळ कायमचं मिळालं, तर म्हणाले, "आता उंदराखाली नाही, तर चुकल्यासारखं वाटतंय त्याला."

पण हे सगळं एका बोलण्यामुळे झालं, आणि ते बोलणं काकूंचं नव्हतं.

साहेबांच्या त्या प्रश्नावर पाचव्या चौकटीत मॅडम उठल्या. फळीवरचा पितळी गोल त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, वळवला आणि पोचा कॅमेऱ्यासमोर धरला. मग माउस बाजूला केला. खाली मनगटी घड्याळ होतं, टिकटिक करणारं. इकडे दाराआड उभ्या घड्याळजींनी "अरे वा, चावीचं आहे" असं म्हटलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी हसलं नाही.

मॅडमनी कपाळावर आलेली बट मागे सारली.

"मी रोज तीन ते चार पोहायला जाते, साहेब. बावन्नाव्या वर्षी शिकले. मंगळवारी हिचा दिवा मी सांभाळत होते, आणि नीट सांभाळला नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवसभर खुर्चीवर आमच्यातलं कुणीच नसतं. कधीच नव्हतं. आमचे दिवे खोटे आहेत, साहेब. काम खरं आहे."